हरणाबाई मावशींचे शब्द

योगीराज दादा,

बेंबळीहून राजेश्वरीचा नमस्कार.

मेंढपाळांसाठी तू फुकटचं, खुल्या कोडचं अ‍ॅप लिहिलंस. मेंढरांच्या रोगांची बोलीतली नावं मी मेंढपाळांच्या तळावर बसून हरणाबाई मावशींकडून गोळा केली. "हे सगळ्यांचं हाय, कुणीबी दुरुस्त करावं," असं मावशींना मीच सांगितलं होतं.

मग अ‍ॅपसाठी एका कंपनीशी भागीदारी झाली. तू तिकडं नोकरीला लागलास, मदत करणारी पोरंही पांगली. गेल्या महिन्यात कंपनीनं मावशींचे शब्द काढून "आंत्रविषार" असले पुस्तकी शब्द घातले. मी दुरुस्त करायला गेले, तर "परवानगी नाही" असं आलं. जुना कोड खुला हाय, पण तो एकटीनं चालवणं मला जमत न्हाय.

काल मावशी फोन घेऊन धावत आल्या. "राजे, मेंढरू पोट फुगून तडफडतंय, अन् ह्यात माझं बोलणंच सापडंना!"

मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते येईपर्यंत मेंढरू गेलं. "रेंज नव्हती, मावशी, म्हणून तुमचे शब्द दिसले न्हाईत," असं मी खोटंच सांगितलं.

दादा, आपल्या बैठकीत भागीदारीला होकार द्यायला पहिला हात मीच वर केला होता. मावशींना ते सांगवत न्हाय, मग तुला एकट्याला दोष कोणत्या तोंडानं देऊ? म्हणून हे पत्र धाडवत न्हाय.

तुझी धाकटी बहीण,
राजेश्वरी