गुडघ्यातल्या पाण्यात दोन्ही

देवास, शुक्रवार, २१ मे १९९९

अजून पाय जमिनीवर टेकत नाहीयेत. आनंदानं!

सकाळी दवाखान्यात नानाकाका आले. गाउटचे, म्हणजे युरिक अ‍ॅसिडच्या संधिवाताचे, जुने पेशंट, गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला. आणि अंगावर शाल. मे महिन्यात शाल! काकू रडवेल्या: "डाळ बंद असताना परवा मीच तुरीची आमटी वाढली गं."

डॉक्टरसरांनी गुडघ्यातलं पाणी काढून माझ्याकडे लॅबमध्ये पाठवलं. मायक्रोस्कोपखाली सुयांसारखे स्फटिक, ढीगभर. सर म्हणाले, "मिल गए क्रिस्टल? बस, गाउट ही है," आणि सांध्यात द्यायचं स्टेरॉइड सिरिंजमध्ये भरायला घेतलं.

मला मात्र ती शाल काही सुचू देईना. नुसत्या गाउटनं एवढी हुडहुडी? "सर, पाच मिनट रुकिए ना," म्हणाले. मी! सरांना! जंतू असले तर दिसावेत म्हणून उरलेल्या थेंबाची दुसरी काच रंगवली. बघते तर जांभळ्या जंतूंचे घोस, द्राक्षांसारखे. त्याच पाण्यात स्फटिक, त्याच पाण्यात जंतू. एक सापडलं म्हणून दुसरं नसेलच, असं थोडंच आहे? एरवी स्फटिक दिसले की मीही तिथंच थांबते की.

सरांनी स्वतः मायक्रोस्कोपला डोळा लावला. मग सिरिंज बेसिनमध्ये रिकामी केली. ते स्टेरॉइड आत गेलं असतं तर प्रतिकारशक्ती दबून जंतूंनी सांधा खाऊन टाकला असता. आता इंदूरला नेतायत, ऑपरेशन करून गुडघा आतून धुवायला.

काकूंना सांगितलं, गाउट आहेच, पण जंतूही आहेत. त्यांनी काकांची शाल सारखी केली, डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ऐकलंत? निम्मं तरी माझ्या आमटीनं नाही!"