खुंटीवरचा पेला

३ मार्च, रविवार

ताई म्हणाली, तू बसशील. मी म्हटलं कुठे? बालवाडीत!

मी इथे दोन-तीन दिवसांसाठी आलो होतो. सॅक अजून नीट उघडलीसुद्धा नाही. तर नोएमीताईचं म्हणणं असं – तिची पोर रेनाता चार वर्षांची झाली, बालवाडी आता सक्तीची. आणि सुरुवातीचे आठवडे घरचं एक मोठं माणूस वर्गात बसायला लागतं, पोराला सवय होईपर्यंत. आधी वर्गात, मग दाराशी, मग व्हरांड्यात, मग बाहेर. ताईच्या कोंबड्यांच्या कारखान्यात असल्या गोष्टीला रजा नाही. पहाटे लाईनवर उभं राहायचं, सोललेल्या कोंबड्या उलट्या लटकत येत राहतात, त्या काही कुणासाठी थांबत नाहीत. शेजारीण पोरीला नेईल-आणेल, पण सकाळभर तिथे बसणार कोण?

"तुला काय काम आहे?" ताई म्हणाली.

खरंच काही नाही. बावीस तारखेला बाल्दोचा ट्रक तुकुमानला निघेल, लिंबाच्या तोडणीला. त्यात माझी जागा ठरलेली. तोवर मोकळा.

"बावीसच्या आत ती एकटी राहायला लागली तर बरं. नाहीतर लाईन सोडावी लागेल मला." एवढं बोलून भांडी घासायला लागली. एकदम सरळ आवाजात.

म्हणजे मी नीट बसलो नाही तर ताईची नोकरी जाणार. आणि बसणं हेच एक काम मला जन्मात जमलेलं नाही.

४ मार्च

गुडघे कानाला लागतात. खुर्च्या पोरांच्या मापाच्या! सगळ्या आया, दोन बाप, एक आजी आणि मी – सगळे बेडकासारखे. आजीचं नाव एव्लालिया. नातू लिसांद्रोसाठी आली होती, काखेत थर्मास, हातात येर्बाचा कडू चहा ओढायची नळी. मला म्हणाली, "पोरा, एकदा बसलास की उठताना धर मला, मी तुला धरीन."

आज पाऊण तासच. पिठाचा गोळा दिला, मीठ-पाणी घालून मळलेला, पिवळा आणि हिरवा. रेनाता माझ्या मांडीतून उतरली नाही. मी कापिंचोचं पिल्लू केलं, नदीकाठचा तो डुकराएवढा उंदीर. जमलं! मग त्याची आई केली. मग पाण्यातून फक्त नाक वर काढलेलं एक, त्यासाठी टेबलावर हिरवं तळं पसरलं. वर बघितलं तर चार पोरं भोवती, आणि रेनाताच्या वाटचं सगळं पीठ मी संपवलेलं.

एलिदा बाई म्हणजे वर्गाच्या बाई. केस पांढरे, चौकड्यांचा झगा. आवाज कधी चढत नाही. जाताना सगळ्या मोठ्यांना म्हणाल्या, "एकच गोष्ट लक्षात ठेवा. हळूच सटकायचं नाही. मूल खेळात रमलं म्हणून मागच्या मागे गेलात, तर ते रमायचंच सोडून देतं. सांगून जायचं. रडलं तर रडू दे, मी आहे."

५ मार्च

प्रत्येक पोराला एक खुंटी. खुंटीच्या वर चित्र – नाव वाचता येत नाही म्हणून. टेबलावर चित्रं मांडली होती, ज्याने त्याने निवडायचं. रेनाताने होडी घेतली. लिसांद्रोला पण होडीच हवी होती. त्याने कढई घेतली आणि दिवसभर तोंड फुगवून बसला.

लिसांद्रोने तिला माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हा इतका मोठा असून बालवाडीत का?"

रेनाता म्हणाली, "त्याला अजून सवय नाही झाली."

एव्लालिया आजीला येर्बाचा ठसका लागला.

६ मार्च

बाई म्हणाल्या, आता दाराशी बसा, पण तुमची एखादी वस्तू तिच्यापाशी ठेवा. अशी, की जी घेतल्याशिवाय तुम्ही कुठे जाणार नाही, हे तिला माहीत आहे. तुम्ही परत आलात की ती वस्तू तुमच्या हातात देईल.

मी विचार केला. माझ्याकडे अशी एकच वस्तू. सॅक. होडीच्या खुंटीला अडकवली आणि खुंटी सॅकसकट खाली! पोरं खूश. "परत कर, मामा, परत कर!"

"जरा लहान काहीतरी बघा," बाई म्हणाल्या.

मग सॅकला बांधलेला पत्र्याचा पेला सोडला. पांढरा, निळ्या काठाचा, एके ठिकाणी टवका उडालेला. देशभर फिरलाय माझ्याबरोबर. सान्ता फेच्या बंदरात गहू उतरवायचो तेव्हाचा. तिथे एक माणूस होता, तो गव्हाच्या ढिगात पाय खुपसून झोपायचा, म्हणायचा सांधे दुखत नाहीत. त्याचं पुढे काय झालं कोण जाणे.

काय लिहीत होतो? पेला. रेनाताने दोन्ही हातांत धरला. आत बघितलं. मग मला म्हणाली, "जा दाराशी."

उद्या खिळे नेऊन खुंटी ठोकून द्यायची.

८ मार्च

खुंटी ठोकली. वर्गातला नळ गळत होता, तोही केला. बाहुलीघराचं दार. काहीतरी करत राहिलं की बसणं सोपं जातं. बाई म्हणाल्या, "एसेकिएल, तुम्ही दुरुस्त करायला नाही आलात, दिसायला आलात." खाली बसलो.

बाहुलीघरात रेनाताने माझ्या पेल्यात सूप केलं. दगड आणि मकरोनी. सगळ्यांना वाढलं. बाहुली प्यायली नाही म्हणून तिला रागावली, ताईच्या आवाजात – "मी उभी राहून राहून मरते आणि तुझी नाटकं!"

११ मार्च

व्हरांडा. ती दर थोड्या वेळाने दारातून डोकावते, मी हात हलवतो, ती जाते. ताईला सांगितलं. ताईने हातातला पाव खाली ठेवला आणि नुसती हसली. खूप दिवसांनी बघितलं तिला हसताना.

१३ मार्च

काय करून ठेवलं मी.

स्पंजने रंगवायचं होतं. जमिनीवर मोठे कागद, पोरं पोटावर आडवी. रेनाताने निळा घेतला. इतकी रमली होती – जीभ बाहेर, डोकावणं पण विसरली. मला वाटलं, कशाला उगाच तिची तंद्री मोडा. पाच मिनिटं बाहेर जाऊन सिगरेट ओढून येऊ.

चौकात एकजण घोड्याला नाल ठोकत होता. घोडा तांबडा, मागचा पाय धरू देईना. मी लगाम धरला. मग दुसरा पाय. मग तो माणूस म्हणाला, मूळचा कुठला तू…

परत आलो तेव्हा पोरं दूध पीत होती. रेनाता टेबलाशी नव्हती. दाराच्या आत जमिनीवर बसली होती, पेला मांडीत. रडत नव्हती. रडत असती तर बरं झालं असतं. हातावरचा निळा रंग वाळून तडकलेला. कागदावर एक अर्धा गोल, बाकी कोरा.

"ती रमली होती म्हणून मी –" मी म्हटलं.

बाई म्हणाल्या, "हो. रमली होती."

पेला मी मागितला. तिने दिला नाही.

१४ मार्च

परत पहिल्यापासून. माझी पॅन्ट सोडत नाही. पीठ दिलं तर एका हाताने दाबते, नजर दाराकडे. गाणं लागलं तरी दाराकडे.

एलिदा बाई पोरांच्या झग्यांची बटणं लावता लावता म्हणाल्या, "रडणाऱ्या मुलाचं मला काही वाटत नाही. ते रडून होतं. पण जे मूल सारखं मागे वळून बघतं, त्याच्या हातून काही म्हणजे काही होत नाही. साधा गोल पण पुरा होत नाही." माझ्याकडे बघितलं नाही. ते बरंच केलं.

रात्री ताईला सांगावं लागलं. ओरडली नाही ती. क्लोरीनने सोललेल्या बोटांना मलम लावत होती.

"तिचा बाप असाच गेला," म्हणाली. "ती झोपेत होती. उठल्यावर पलंगाखाली पण बघून आली." मग मलमाचं झाकण लावत – "आणि तू रे लुकड्या? तू आलास की सगळ्या गल्लीला कळतं. गेलास ते मला नेहमी पांघरुणाच्या घडीवरून कळतं."

मी ती घडी किती नीट घालतो! मला वाटायचं तिला तेवढंच बरं वाटत असेल.

लाईनवरच्या मुकादमाशी बोलून ठेवलंय म्हणाली. जागा सोडायची वेळ आली तर आठवडाभर आधी सांगावं लागतं. उद्यापर्यंत थांबते.

१५ मार्च

ताईला म्हटलं, सांगू नकोस अजून. बावीसपर्यंत मी करतो. "कसं?" म्हणाली. मला काय माहीत कसं.

आजपासून सगळं सांगून. "रेनाता, मी नळावर जातो, येतो." गेलो, आलो. पेला दे. दिला. घे परत. "रेनाता, मी फाटकाला हात लावून येतो." गेलो, आलो. अख्खी सकाळ! सवयच लागली तोंडाला. एव्लालिया आजीला पण सांगून गेलो. ती म्हणाली, "पोरा, मुतायला जातोस ते मला कशाला? मी काय पेला धरू तुझा?"

घरी कुत्र्याला सांगितलं.

१६ मार्च, शनिवार

कारखान्यातून आल्यावर ताई म्हणाली, जागा सोडते असं मुकादमाला सांगितलं नाही.

१८ मार्च

मक्याचा रवा, चमचे, गाळण्या, बाटल्या. ह्यातून त्यात ओतायचं, बस्स, एवढंच. मी पण तासभर ओतू शकलो असतो. रवा पडतो तेव्हा पावसासारखा बारीक आवाज येतो, आणि सगळा वर्ग गप्प होतो आपोआप.

रेनाताने दाराकडे बघितलं – मी मोजायचं नाही असं ठरवलंय. कमी.

१९ मार्च

व्हरांडा. डोकावली. एकदा नुसता पेला दाखवायला – की आहे, हरवला नाही.

२० मार्च

आज बाहेर. फाटकाबाहेर.

"मी भिंतीच्या पलीकडे जातोय. दुधाच्या आधी येतो." तोंड वाकडं झालं तिचं. आणि मग रडली, हंबरडा फोडून, पूर्ण वर्गाला ऐकू जाईल असं. मी फाटक लावलं आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. आयुष्यात इतकं कठीण काम केलेलं नाही, पोती उचलली, ऊस तोडला, याच्यापुढे काहीच नाही ते. चौकात तोच घोडेवाला होता, हाक मारली त्याने. गेलो नाही.

रडणं थांबलं. मग बाईंचा आवाज, मग मडकं वाजवल्यासारखं काहीतरी. तो माझा पेला! चमच्याने वाजवत होती, गाण्याबरोबर.

दुधाच्या आधी आत गेलो. डोळे सुजलेले, नाक लाल. उठली, पेला आणून हातात दिला. "घे. आलास तू."

२१ मार्च

"जा ना मामा," म्हणाली. मी बुटाची नाडी बांधत होतो फक्त.

बाई म्हणाल्या, झाली सवय. आता तुम्ही यायची गरज नाही. मी "बरं" म्हटलं आणि उगाच नळ तपासला. गळत नव्हता.

ताई रात्री रेनाताचा झगा इस्त्री करता करता रडली. मला बघू दिलं नाही, पण इस्त्रीवर थेंब पडला की चर्र आवाज येतो.

२२ मार्च

पहाटे ताईच्या आधी उठून बसलो. चहा केला. "येतो ताई," म्हटलं. ती बूट घालता घालता थांबली. "बघू," म्हणाली. पण गालावर थापट मारून गेली.

फाटकाशी सॅक पाठीला लावून रेनातासमोर उकिडवा बसलो. सांगितलं – लांब चाललोय, लिंबं तोडायला.

"दुधाच्या आधी येशील?"

"नाही."

"दुधाच्या नंतर?"

"खूप खूप दुधांच्या नंतर. थंडी पडेल, तुला लोकरीची टोपी घालतील, लिंबं सगळी संपतील. तेव्हा."

विचार केला तिने. मी हात पुढे केला, सॅकला पेला बांधायचा होता. "पेला दे."

"नाही," म्हणाली. "तू अजून आला नाहीस."

मी एलिदा बाईंकडे बघितलं. बाई फाटकाच्या कडीकडे बघत होत्या, फार महत्त्वाची कडी असल्यासारखं.

मग रेनाताने आपल्या कापडी पिशवीतून स्वतःचा प्लास्टिकचा पेला काढला, गुलाबी, त्यावर होडी चिकटवलेली. "पाणी कशातून पिशील? तुला सवय होईपर्यंत ठेव." आणि, "जा आता. आम्हाला पानं चिकटवायचीत."

पळत गेली. वळून बघितलं नाही. मी बघितलं.

बाल्दोने ट्रकमध्ये विचारलं, तो गुलाबी पेला कुणाचा? म्हटलं, माझा.

२८ एप्रिल, तुकुमान

काट्यांनी हात फाटलेत. बागेत सगळे हसून झाले गुलाबी पेल्यावर, आता कोणी बघत पण नाही. होडी एका कोपऱ्यातून सुटली होती, चिकटवली.

६ ऑगस्ट

लिंबं संपली, थंडी पडली. टोळी मेंदोसाला निघाली, द्राक्षाच्या छाटणीला. मुकादमाला सांगितलं मी येत नाही, मला माझा पत्र्याचा पेला घ्यायला जायचंय.

"पत्र्याचा? त्यासाठी उलट्या दिशेला?"

"हो."

१२ ऑगस्ट, सोमवार

वर्गाच्या दारात उभा राहिलो. लोकरीची टोपी घालून पोटावर आडवी, रंगवत होती. पत्र्याचा पेला शेजारी, त्यात ब्रश, पाणी निळं. एलिदा बाई म्हणाल्या, "रेनाता, बघ कोण आलंय."

बघितलं तिने. "आलास? थांब, माझा गोल पुरा व्हायचाय." आणि मान परत खाली.

बुटकी खुर्ची ओढून बसलो.