न खाता उत्तम ठरलेल्या पापडांबाबत

प्रति,
मा. प्रमाणन अधिकारी,
लोकहित उद्योग कक्ष, परभणी.

अर्जदार : सत्यशीला दत्तराव वाव्हळे, चिटणीस, मैत्री महिला पापड केंद्र, मौजे खडकवाडी, ता. जिंतूर.

विषय : आमच्या पापडांना दिलेले लोकहित चिन्ह खाऊन द्यावे, नाहीतर परत घ्यावे.

संदर्भ : आपले पत्र, ‘शेरा अनुकूल असल्याने तक्रारीस कारण दिसत नाही.’

महोदय,

कारण आपणांस दिसत नाही, म्हणून ते दाखविण्यासाठी हा दुसरा अर्ज.

१) नामांतराच्या दंगलीनंतर आमच्या बौद्ध वस्तीतील बायांना शेतावर कामाला बोलावणे बंद झाले. तेव्हा आम्ही पापड लाटायला बसलो. आठवडी बाजारात आमच्या हातचे कोणी घेत नाही. घेतील तर सरकारी वसतिगृहे, आणि ती फक्त लोकहित चिन्हाचा माल घेतात. गरजूंना काम आणि हवापाण्याला अपाय नाही, अशाच उद्योगाला हे चिन्ह मिळते. आमची चूल बिनधुराची, बांधणी पळसाच्या पानात. शिवाय आपला नियम असा की तपासनिसाने माल जागेवर चाखूनच शेरा लिहावा. हा नियम आम्हांला फार आवडला होता.

२) आपले तपासनीस श्री. बन्सीधरराव आले ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले. पापड भाजून पुढे केला तर म्हणाले, आज चतुर्थी. आमच्या मालनबाई, ज्यांनी आम्हां सगळ्यांना लाटणे शिकविले, म्हणाल्या, “उपास हाय तं ऱ्हाऊ द्या साहेब, फिरून या. पापड कुठं पळून जायलाय?” पुढच्या खेपेस एकादशी निघाली. आम्ही उपास करीत नाही, त्यामुळे त्यातले काही कळत नाही. म्हणून गावातील सुमनबाईंना विचारून, खास साहेबांसाठी, साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. जिरे घातले, मीठसुद्धा सैंधव आणले. साहेब तिसऱ्यांदा आले. पापड्या पाहिल्या आणि म्हणाले, आज उपास नाही, आज पोट बिघडले आहे. आमच्या भाबडेपणाची मला आजही लाज वाटते आणि त्याहून जास्त राग येतो.

३) त्यांनी नमुना बांधून मागितला. मालनबाईंनी लाल दोऱ्याची गाठ मारून दिला. तो पुडा बोरीच्या एसटी स्टँडवर बाकाखाली ठेवून साहेब गाडीत चढले, हे आमच्या तानुबाईने डोळ्यांनी पाहिले. ती धावली तोवर शेळीने पुडा फोडला होता. चव घेतली ती तिनेच. तेव्हा शेऱ्याखाली सहीही तिचीच पाहिजे होती.

४) तरी शेरा आला, ‘चव घेतली, उत्तम.’ सोबत चिकटवायची चिन्हे आली. त्यांवर छापले आहे : ‘सर्वांच्या हातचे, सर्वांसाठी.’ वसतिगृहांची मागणीही आली. बाया हरखल्या, कोणी खळ शिजवायला घेतली. मालनबाईंनी चिन्हाला हात लावला नाही. म्हणाल्या, “ज्यानं खाल्ला न्हाई त्यानं चांगला म्हणला. उद्या खाल्ल्याबगर वाईट बी म्हणील. मंग कुणाकडं जायचं?” खळ तशीच वाळून गेली.

५) आपणांस वाटेल, मिळाले ते मुकाट्याने घ्यावे, देवाची करणी समजावी. महोदय, भीक घेतानासुद्धा माणूस देणाऱ्याचा हात पाहतो. वाईट शेरा आला असता तर आम्ही मसाला बदलला असता. हा चांगला शेरा आला, आता काय बदलू? हात बदलू? जात तर आम्ही धर्मासकट सोडून आलो, ती आपले तपासनीस सोडायला तयार नाहीत.

६) सबब मागणी अशी. आपण स्वतः खडकवाडीस यावे, आत बसावे, पापड खावा आणि मग वाटेल तो शेरा लिहावा. चतुर्थी, एकादशी आणि पोट यांची तारीख आधी कळवावी, म्हणजे ती सोडून बोलावू. हे जमत नसेल तर चिन्हावरील ओळ बदलून ‘न खाता प्रमाणित’ अशी छापावी. तेवढे तरी खरे होईल. तेही जमत नसेल तर चिन्हे परत घ्यावीत, ती सोबत जोडली आहेत. वसतिगृहांची मागणी जाईल हे आम्हांला माहीत आहे. मागणी गेली की पुढल्या महिन्यात माझ्यासकट सगळ्या बाया पुन्हा उन्हात काम शोधत फिरतील. हे सर्वांना विचारून लिहिते आहे. अंगठे मागे आहेत, पहिला मालनबाईंचा.

आपली (‘नम्र’ हा शब्द पापड खाल्ल्याचे कळल्यावर लिहीन),

सत्यशीला दत्तराव वाव्हळे
खडकवाडी, दि. ४ मार्च १९८७

सोबत :
१. लोकहित चिन्हे, सर्व, न चिकटवलेली.
२. उडदाचा पापड एक, भाजलेला, लाल दोऱ्याने बांधलेला. हा फाइलला लावू नये. शिपायाला देऊ नये. कडू लागला तर कडू लिहा, पण खाऊन लिहा.