गेटपास नसलेलं लोखंड

मी, धुरपता नत्थू थूल, वय ७२, राहणार मौजा टेंभुर्डी, तालुका देवळी, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सहीला गुडघे लागत नाहीत.

१. राहतं घर मुलगा अश्वजित व मुलगी छाया यांना अर्धं अर्धं. छायाला तिचा हिस्सा मागावा लागू नये.

२. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक नात नंदिनीला. आठ वर्षांची असताना तीच म्हणाली होती, "आजी, कुरडयांवरच्या काळ्या धुळीवर हे फिरवून पाय." फिरवलं, तर धूळ चिकटली. तेव्हापासून चौदा वर्षं मी रोज सकाळी चुंबक फडक्यात गुंडाळून स्लॅबवर फिरवते. शेजारच्या कारखान्यातलं लोखंड भिंत ओलांडून येतं कसं, थंडीत जास्त का येतं, हे मला अजून कळलेलं नाही. नंदिनीने शोधावं.

३. देहदानाचा फॉर्म भरला आहे. माझ्या छातीत ते किती साचलं, हे डॉक्टरांनी पाहून घरी कळवावं. ऐकायला मी नसेन, याचंच वाईट वाटतं.

४. आमचे हे त्याच कारखान्यात भट्टीवर होते. २००९ साली दाराची कडी करायला सव्वा किलोचा लोखंडाचा तुकडा जेवणाच्या डब्यातून आणत होते. गेटवर आपल्याच गावचे पुंडलिकराव वानखेडे ड्युटीला. त्यांनी डबा उघडला. "गेटपास कुठी हाय, नत्थू?" नोकरी गेली. चूक होती, हे स्वतः कबूल करत. पण गाव चोर म्हणालं, आणि मरेपर्यंत ते नाक्यावर चहाला बसले नाहीत. याचा राग मला आजही आहे.

माझी धूळ सात डब्यांत आहे. प्रफुलच्या किराणा दुकानात वजन केलं : अकरा किलो चारशे ग्रॅम. गेटपास एकाचाही नाही. माझ्यामागे सगळे डबे कारखान्याला परत करावेत आणि 'नत्थू थूल यांच्या घरून परत मिळाले' अशी पावती घ्यावी. ती नाक्यावरच्या चहाटपरीत लावावी.

५. पुंडलिकरावांशी सोळा वर्षं बोलले नाही. साक्षीला मुद्दाम त्यांनाच बोलावलं. त्यांनी वजन दोनदा करायला लावलं.

ठिकाण : टेंभुर्डी
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५
सही : धुरपता नत्थू थूल

साक्षीदार :
१. प्रफुल ढोके, किराणा दुकानदार (सही)
२. पुंडलिकराव वानखेडे, निवृत्त गेटकीपर (सही)

दुसऱ्या साक्षीदाराने सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिले :
"नत्थूचा डबा मीच उघडलता. हे डबे गेटवर मीच नेतो. पावती घेतल्याबिगर वापस येत नाई."