बिशपसाहेबांचं ‘मी आले’

एडिसन, ३ मार्च २०२५

प्रिय शुभाआत्यास,
सप्रेम सलाम वि. वि.

ई-मेलला मायना लागत नाही म्हणतात, पण तू घरी शिकवलेलं मोडायची माझी छाती नाही.

माझ्या प्रबंधातल्या बिशप एल्डरिजसाहेबांनी पेच टाकलाय. तरुणपणी नगरला आले, दुष्काळात शाळा काढली, पुढे बिशप झाले, इथवर सरळ आहे. पण त्यांच्या मराठी उपदेशांत सगळीकडे ‘मी सांगते’, ‘मी विनवते’. म्हणजे उपदेश त्यांच्या बायकोने, मॅडमनीच लिहिले असणार, असं मी मांडलं. माझ्या गाईड प्रोफेसरबाई आनंदाने खुर्चीतून उठल्या. शुक्रवारी कमिटीपुढे जायचंय आणि मला घास गिळवत नाही. साहेबांचं श्रेय उगाच काढून घेतलं तर? पणजी त्यांच्या मिशनमध्ये होती ना? तू काही ऐकलंयस?

लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर दे.
तुझी अस्मिता

नगर, ४ मार्च

चि. अस्मितास,
सलाम व आशीर्वाद.

प्रोफेसरबाईंना आधी खाली बसव. मॅडमचं मराठी ‘पानी लाव’च्या पुढे कधी गेलं नाही. साहेबांना मराठी शिकवलं तुझ्या पणजीने. ती बायबलबाई, घरोघरी जाऊन बायकांना गोष्टी सांगायची. ती बोलली तसे साहेब बोलले. बिशप झाल्यावरही एवढ्या मोठ्या दाढीतून ‘मी आले हं’ म्हणत घरात शिरायचे. एका शास्त्रीबुवांनी क्रियापद बदलायला सुचवलं, तर म्हणाले, आधी माझ्या बाईंना विचारते.

एवढं शिकलीस आणि तुला बायकोच आठवली होय गं?

जेवत जा. तुझी आत्या

एडिसन, ४ मार्च

प्रिय आत्यास,
सलाम वि. वि.

अर्धं प्रकरण कोसळलं, पण घास उतरला. इंग्रजीत ‘आले’ काय नि ‘आलो’ काय, एकच. शेवटी प्रोफेसरबाईंना म्हटलं, तुमच्या यजमानांनी तुमचा झगा घालून चर्चला जावं, तसं ते. त्या म्हणाल्या, ते जातीलही.

पण आता त्यांचा प्रश्न असा, की इतकी वर्षं पणजीने चूक सुधारली का नाही? शुक्रवारी याचं उत्तर नसेल तर उरलेलं प्रकरणही जाईल. तिला चूक कळतच नव्हती, असं मी लिहिणार नाही.

काळजीत, अस्मिता

नगर, ५ मार्च

चि. अस्मितास,
आशीर्वाद.

कळत नव्हती? शाळेतला पोरगा ‘मी आले’ म्हणाला की त्याचा कान पिळायची. लहानपणी मीही तिला हेच विचारलं होतं. तेव्हा म्हणाली, “मला कोण चर्चच्या पुलपिटावर चढू देणार होतं? साहेब वरून ‘मी सांगते’ म्हणाले, की मागे चटईवर बसल्याबसल्या वाटायचं, आज उपदेश माझाच चाललाय.”

शुक्रवारी ताठ उभी राहा.
तुझीच, शुभाआत्या