कोरी नळी

२ मार्च
नोकरीचा पहिला दिवस! मूत्राशयाच्या कर्करोगाच्या गाठीत कोणते जिवाणू राहतात, ते शोधायचं. खिडकीजवळचं टेबल मिळालं आणि लॅबच्या प्रमुख मॅडम चक्क हसल्या. घरी आम्ही दोघीच. आई इतकी हरखली की लेक आता कर्करोग बरा करणार, असं शेजारणीला सांगून आली. काम तसं सोपं. गाठीच्या कणभर तुकड्यातून डीएनए काढून मशीनला द्यायचा. सोबत दरवेळी एक कोरी नळी, तिच्यात नुसतं निर्जंतुक पाणी. तिच्यात काही सापडलं, तर घाण आपलीच आणि सगळी मेहनत वाया.

९ मार्च
कोऱ्या नळीत जिवाणू निघाले. गाठीतलेच, त्याच प्रमाणात. हात नीट धुतेस ना, असं मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं. मी काय चिखलात खेळून येते?

१७ मार्च
पाणी बदललं, रसायनांच्या नव्या बाटल्या फोडल्या, टेबल घासून खांदे भरून आले. पुन्हा तेच! डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. लॅबमधले बुटकेदादा म्हणाले, ताई, त्या नळीला तुमचा लळा लागलाय. मला अजिबात हसू आलं नाही. महिनाअखेर नळी कोरी निघाली नाही, तर मॅडम दुसरी मुलगी बघणार आहेत.

२१ मार्च
आज हट्टाने लांब बसले. सगळं दादांनी केलं. नळी कोरी करकरीत! दुसऱ्या नळीचं फक्त झाकण मी लावलं, तर ती जिवाणूंनी भरलेली. म्हणजे माझ्याकडूनच. पण माझे हात तपासले, त्यांवर काही नाही. हातावर नाही, पण ज्याला हात लावते त्यात आहे. हा काय छळ आहे? वैतागून स्वतःची लघवी तपासायला लावली.

२४ मार्च
लघवीत तेच सगळे जिवाणू. डॉक्टर म्हणतात, सोनोग्राफी स्वच्छ आहे, टेन्शन घेऊ नका. मॅडम म्हणतात, हा रोग असा पसरत नाही. मलाही माहीत आहे, नाही पसरत! उद्यापासून येऊ नकोस म्हणाल्या.
दादांना गळ घातली, घरातल्या वस्तू तपासून द्या.

२७ मार्च
माझा पेला— आहेत. नळाची चावी— आहेत. आईचा पेला—
तिला पाणी मीच भरून देते.

२८ मार्च
खोलीला आतून कडी लावली. आईला वाटतं, नोकरी गेली म्हणून रुसले. दाराबाहेर बसून समजूत काढतेय. मग सहज म्हणाली, सकाळपासून लघवी लाल होतेय, दुखत मात्र नाही, बिटाचंच असेल.
बीट खाऊन आठवडा झाला. न दुखता रक्त, मूत्राशयातल्या गाठीचं पहिलं लक्षण हेच.

नंतर
तिला दवाखान्यात न्यायला हवं. जिना तिला एकटीला उतरवत नाही. कुणीतरी धरायला— शेजारीण फोन उचलत नाही—
आई म्हणते, गरगरतंय. दार उघड म्हणते.
काहीतरी पडलं.
आता हाकही येत नाही. उघडतेय. आई, मला हात लावू नकोस, फक्त