फादरांना परत नेलं, त्यानंतर

२ जानेवारी
पावसाळ्यापासून वहीत एक ओळ नाही. चुकलंच. पण फादरांना नेल्यापासून लिहायला बसलं की रागच वर येतो. मिशनची जीप चालवायचो तेव्हा ही सवय त्यांनीच लावली. चौथी शिकलेल्या ड्रायव्हरला म्हणायचे, लिहीत जा यशवंता, हात मोकळा होईल.

त्यांच्या संस्थेचं म्हणणं, म्हातारे झाले, आपल्या देशात औषधपाणी चांगलं होईल. आपला देश कोणता? विशीत बोटीनं आले, सगळा जन्म राहुरी-संगमनेरच्या खेड्यांत काढला. शिर्डीच्या विमानतळावर व्हीलचेअरमधून मलाच विचारत होते, "माझी माती कुठं व्हायची रं?"

९ जानेवारी
कबरस्तानात जाऊन आलो. संस्थेचे पहिले फादर, पटकीच्या साथीत गेलेले दोघं, विहिरी बांधणारे ब्रदर, सगळे एका रांगेत. परतीचं तिकीट काढून यातलं कुणी आलं नव्हतं. ब्रदरशेजारची जागा फादरांनी स्वतःसाठी ठेवलेली. तिथं मिशनच्या नव्या फादरांनी पाण्याच्या टाकीचे पाइप रचलेत. वसईचे आहेत, पोरगेले. विचारलं तर म्हणाले, "रिकामीच होती ना, बाबा."

रिकामी!

१५ जानेवारी
तिकडच्या वृद्धाश्रमातून नव्या फा.ना फोन. फादरांना अर्धांगाचा झटका. वाचा परत आली, पण मराठीच. स्वतःची भाषा तोंडातून येईना. नर्सला काही कळत नाही. ओरडतात म्हणून झोपेच्या गोळ्या देतात. नवे फा. फोनवर बोलायला गेले तर तोंड फिरवलं, यशवंताला बोलवा म्हणाले.

उद्या बोलायचं. सूनबाई सुशीला शाळेत इंग्रजी शिकवते, ती मध्ये राहील. झोप नाही.

१६ जानेवारी
मोबाईलवर दिसले. किती वाळलेत. मला बघून पहिलंच, "पाय आखडलाय रं. लई दुखतंय. ह्यांना सांगून सांगून दमलो."

सुशीलानं नर्सला सांगितलं. तिनं पांघरूण काढलं. पाय पलंगाच्या दांड्यात अडकलेला, टाच सोललेली. म्हणजे माणूस पाय दुखतो म्हणत होता आणि या गोळ्या देत होत्या. आमचा बैल लंगडला तर आम्ही आधी खूर उचलून बघतो. चांगलं औषधपाणी म्हणे.

२३ जानेवारी
आता रोज रात्री बोलणं होतं. आज हसले. सुशीला मेथी निवडत होती ती त्यांना दिसली. "मीठ अजून कमीच घालती का ही?"

ती म्हणाली, "मामा, सांगा त्यांना, येऊन चाखा."

मग चेहरा बदलला. बाहेर अंधार पडत असावा तिकडं.

"यशवंता, गाडी काढ. उशीर झाला."

मी म्हणालो, "काढतो."

दुसरं काय म्हणणार? जीप भंगारात गेली म्हणू?

२७ जानेवारी
तिकडून आमचं फोनवरचं बोलणं बंद केलंय. संस्थेनं कळवलं, गाडीच्या त्या बोलण्यानंतर फादर पलंगावरून उतरायला लागले, पडता पडता राहिले. फोननं त्यांचं मन उसळतं. नर्सला लागतील ते मराठी शब्द अर्थासह लिहून पाठवा, तेवढ्यावर भागेल.

भागेल कुणाचं? माणूस घरी निघाला तर यांना तो आजार वाटतो. पण पडले असते तर... दिवसभर तेच डोक्यात. जेवलो नाही.

३० जानेवारी
सुशीलानं लिहून घेतलं. पानी. थंडी. पाय. दुखतंय. मग तिनं विचारलं, "मामा, ते गाडी काढ म्हणाले तर नर्सनं काय म्हणायचं?"

मी म्हणालो, त्याच्यापुढं लिही, याचं उत्तर यशवंताकडं हाय, फोन लावा.

तिनं तसंच पाठवलं.

संध्याकाळी जाऊन कबरस्तानातले पाइप उचलून भिंतीकडं टाकले. नवे फा. बघत होते. शेवटचा पाइप त्यांनी दुसऱ्या टोकाला धरला.

फादरांची टाच भरली का, एवढं तरी सांगा कुणीतरी. लवकर सांगा.